शाश्वत मासळीच्या उपाहारगृहात जेवायला जाताना काय पाहावे?

खारा वारा:
नमस्कार. पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आहे आणि हे जेवण 'शाश्वत मासळी' (म्हणजे समुद्रातला साठा न संपवता मिळवलेली मासळी) असे बिरुद लावणाऱ्या उपाहारगृहातच व्हावे, असा धाकट्या बहिणीचा हट्ट आहे. मी अशा दोन ठिकाणांची मेन्यूकार्डे पाहिली. एकाच्या पहिल्या पानावर समुद्रावरचे दोन परिच्छेदभर प्रेम आहे, पण एकाही माशापुढे तो कुठून आला हे लिहिलेले नाही. दुसऱ्याचे कार्ड जेमतेम एका पानाचे असून त्यात निम्म्या ओळींपुढे 'उपलब्धतेनुसार' असे छापले आहे. बाबांना मोठा, भरपूर मांसाचा मासा लागतो. बिरुद खरे की नुसती जाहिरात, हे आमच्यासारख्या सामान्य गिऱ्हाईकाने कसे ओळखावे? जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

पाणकोळी:
मी काही वर्षे एका उपाहारगृहाची मासळीखरेदी पाहत होतो, त्या अनुभवावरून सांगतो. माझे मत दुसऱ्या ठिकाणाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण तुम्हाला कदाचित खटकलेला तो 'उपलब्धतेनुसार' हाच शब्द आहे. विणीचा हंगाम, हवामान आणि पकडीची मर्यादा पाळणाऱ्यांकडून माल घेतला, की अमुक मासा बारा महिने ताटात येईलच अशी हमी कोणालाच देता येत नाही.

तरीही फोन करून तीन गोष्टी विचारा: माशाची नेमकी जात कोणती, तो कुठल्या पाण्यातला आहे आणि कशाने पकडला आहे. तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि खरी मेख तिथेच असते. ट्यूनाचे उदाहरण घ्या. गळाने एकेक मासा ओढून काढला, तर त्याच्यासोबत दुसरे जीव फारसे येत नाहीत. तोच ट्यूना तरंगत्या सापळ्यांभोवती जमवून प्रचंड गोल जाळ्याने वेढला, तर त्याची कोवळी पिल्ले आणि शार्कही त्यात सापडतात; आणि हजारो गळ लावलेली मैलोन्‌मैल लांब दोरी सोडली, तर कासवे आणि समुद्रपक्षी अडकतात. ताटातला तुकडा तिन्ही वेळा सारखाच दिसतो. कोळंबीच्या बाबतीत तर आणखी जपून राहावे, कारण उष्ण समुद्रांत तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यात पुष्कळदा कोळंबीपेक्षा इतर जीवांचेच वजन जास्त भरते.

वाढणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर त्यात त्याचा दोष नाही, पण त्याने आत जाऊन विचारून यावे. आतूनही 'ताजा आहे' एवढेच उत्तर आले, तर काय ते समजावे.

शिंपलेवाली:
पाणकोळी यांच्याशी सहमत आहे, फक्त मोठ्या माशाबद्दल थोडी भर घालते. खोल पाण्यातला ऑरेंज रफी हा मासा शंभराहून अधिक वर्षे जगू शकतो आणि पिल्ले घालण्याजोगा व्हायलाच त्याला दोन-तीन दशके लागतात. असा साठा एकदा उपसला की आपल्या हयातीत तो भरून येईल अशी आशा करण्यात अर्थ नसतो. याउलट शिंपले आणि कालवे यांच्या शेतीत बाहेरून खाद्य घालावेच लागत नाही, कारण ते पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून त्यांवर वाढतात. सुरुवातीला तेच मागवा. सार्डिन आणि अँचोव्हीसारखे लवकर वाढणारे छोटे मासेही सहसा चांगली निवड ठरतात, मात्र मोठे मासे आणि पक्षी त्यांच्यावरच जगत असल्याने त्यांच्या पकडीलाही मर्यादा हवीच.

तळटीप:
मला एक शंका आहे. मेन्यूवर शाश्वत मासेमारीला प्रमाणपत्र देणाऱ्या मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेची निळी खूण असेल, तर इतकी चौकशी कशाला करायची? आणि 'शेतीतला मासा' असे लिहिले असेल, तर समुद्राचा प्रश्न आपोआप मिटत नाही का?

पाणकोळी:
खुणेला महत्त्व आहे, पण ती कशाला दिली आहे ते पाहावे लागते. १९९७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था एखाद्या ठरावीक ठिकाणच्या ठरावीक मासेमारीला प्रमाणपत्र देते, माशाच्या सबंध जातीला नव्हे. उदाहरणार्थ, 'चिलीयन सी बास' हे पॅटागोनियन टूथफिश या माशाला १९७७ मध्ये दिलेले बाजारी नाव आहे. हा मासा इतका खपू लागला की नव्वदच्या दशकात त्याची बेकायदा पकड बोकाळली. आणि त्याच जातीच्या, दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाभोवतीच्या मासेमारीला २००४ मध्ये ही खूण मिळाली. शिवाय मेन्यूवर ही खूण छापायची, तर मालाची साखळी पडताळणारे वेगळे प्रमाणपत्र खुद्द उपाहारगृहाकडेही असावे लागते. ते दाखवा असे म्हणण्यात काहीच गैर नाही.

शेतीचे म्हणाल, तर ईल माशाचे उदाहरण पुरेसे आहे. बाजारात येणारा शेतीतला ईल हा बहुतेक वेळा समुद्रातून आलेली काचेसारखी पारदर्शक पिल्ले पकडून, ती हौदात पोसून मोठा केलेला असतो, आणि युरोपीय ईल तर अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. सामनसारख्या मांसाहारी माशाच्या खाद्यातही समुद्रातल्या मासळीचा भुगा आणि तेल असते. त्यामुळे 'शेतीतला' म्हटल्यावर पुढचा प्रश्न असा, की तो काय खाऊन वाढला.

खारा वारा:
सर्वांचे मनापासून आभार. आज दोन्हीकडे फोन केला. पहिल्या ठिकाणच्या गृहस्थांनी सगळे मासे रोज मिळतात आणि सगळे शाश्वतच आहेत असे सांगितले, पण मासा कशाने पकडला हे विचारताच त्यांनी विषय सजावटीवर नेला. दुसरीकडच्या बाई स्वयंपाकघरात विचारून आल्या. शिंपले दोरांवर वाढवलेले आहेत आणि ट्यूना गळाने धरलेला असतो, पण त्या दिवशी तो येईल की नाही हे आदल्या संध्याकाळीच कळेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तिथेच सहा जणांसाठी टेबल राखून ठेवले आहे. मोठा मासा कदाचित मिळणारही नाही, ही बातमी बाबांना सांगण्याचे काम मात्र हट्ट धरणाऱ्या बहिणीकडे दिले आहे.