अनुभव धागा: एका घरात राहिलेल्या, कागदावर परक्या

रेवा_बडोदा
समलिंगी लग्नाला मान्यता देणारा निकाल फिरवा म्हणणारी किम डेव्हिसची याचिका अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १० नोव्हेंबर २०२५ला सुनावणीलाही घेतली नाही. केंटकीतली ती काउंटी क्लर्क, २०१५मध्ये धर्माचं कारण सांगून समलिंगी जोडप्यांना लग्नाचा परवाना नाकारणारी. बातमी वाचली आणि सुमामावशी आठवली. ती आणि शैलामावशी दांडिया बाजारात जन्मभर एकत्र राहिल्या. दोघी गणपती बसवायच्या, अख्खी पोळ (गल्ली) आरतीला यायची. धर्मावरून कुणी चकार शब्द काढला नाही. मावशी आयसीयूत गेली तेव्हा मात्र सहीसाठी मामाला सुरतेहून बोलावलं. औषधं, ॲलर्जी सगळं शैलामावशीला तोंडपाठ, आणि तीच बाहेर बाकावर. मावशी गेल्यावर मामाने घर विकलं. तुमच्याकडे असं कुणी असेल तर लिहा. नावं नकोत.

कोठीवाला
आपल्या सुप्रीम कोर्टाचा समलिंगी लग्नावरचा १७ ऑक्टोबर २०२३चा निकाल ऑफिसात डबा समोर ठेवून लाइव्ह बघितला. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत. सिव्हिल युनियनवर (लग्न न म्हणता नात्याला कायदेशीर मान्यता) चंद्रचूड आणि कौल आमच्या बाजूने. भट, कोहली, नरसिंह विरुद्ध. जानेवारी २०२५मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. 'आमच्या' लिहिलंय, समजून घ्या. आईला अजून माहीत नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघं सेवउसळ खायला गेलो, पण घास उतरेना.

मांजलपूरची_मीनल
कोठीवाला, 🫂 कीर्तिस्तंभाकडे गेला होतात का? तिथली तर्री!!

एडिसनची_आई
रेवा, वाचून रडले ग. माझा मुलगा न्यूजर्सीत, तिथे २०१३पासून हे लग्न कायदेशीर आहे. जावई डोंबिवलीचा, पुरणपोळी माझ्यापेक्षा छान करतो. धार्मिक विधी करायचे होते, तर आमचे गुरुजी नाही म्हणाले. तेव्हा फार लागलं. आता वाटतं, ती त्यांची श्रद्धा, त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे. समलिंगी लग्नांच्या वेबसाइट बनवणार नाही म्हणणारी कोलोरॅडोची बाई २०२३मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ने जिंकली, तेही तिचं खासगी काम. पण सरकारी खिडकीत बसून पगार घेणाऱ्याने 'माझा देव नको म्हणतो' म्हणायचं? ती खिडकी सगळ्यांची आहे. बाकी नंतर, कुकर झाला.

वाडीचे_वकीलकाका
एडिसनची आई म्हणजे मीनाक्षीताई, तुम्हीच ना? अगदी बरोबर. आपल्याकडे तर कोर्टाने सुरुवातीलाच पर्सनल लॉ (धर्मानुसार असलेले लग्नाचे कायदे) बाजूला ठेवले होते. वाद फक्त १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा, म्हणजे धर्म न बघता होणाऱ्या नोंदणी लग्नाचा. सप्तपदी, निकाह, कशालाही हात लागत नव्हता, तरी विरोध धर्माच्या नावाने झाला.
कोठीवाला, बेटा, मृत्युपत्र कर. दोघांनीही. ऑगस्ट २०२४मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की जोडीदाराबरोबर संयुक्त खातं उघडता येतं, त्याला नॉमिनीही करता येतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस हक्क सांगत येतात. सुमाताईंच्या घराचं मृत्युपत्र असतं तर ते शैलाताईंना मिळालं असतं.

गोत्री_गार्गी
काका, स्टँपपेपरवर मैत्रीकरार (एकत्र राहण्याचा करार) करतात ना गुजरातेत, त्याचा उपयोग?

वाडीचे_वकीलकाका
एकत्र राहतो याचा पुरावा, एवढाच. लग्नाचे हक्क त्यातून येत नाहीत.

सायमा_कुलकर्णी
आमचं जरा वेगळं, आम्ही नवराबायकोच, पण धर्म दोन. त्याच १९५४च्या कायद्याने लग्न केलं. ३० दिवस नोटीस फलकावर, येणारा-जाणारा वाचतोय! २०२१मध्ये गुजरातच्या धर्मस्वातंत्र्य (म्हणजे धर्मांतरविरोधी) कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा सासरे रात्र रात्र जागायचे. ऑगस्टमध्ये हायकोर्टाने लग्नाशी संबंधित काही कलमांना स्थगिती दिली तेव्हा त्यांनी पेढे आणले. म्हणून रेवा, शैलामावशींचं वाचून पोटात तुटलं. आमच्याकडे निदान तो कागद आहे. त्या कुठे असतात आता?

रेवा_बडोदा
भाचीकडे, नडियादला. दिवाळीत जाऊन आले. मावशीच्या साड्या मामाकडून आणून दिल्या. घर मी देऊ शकत नाही.

मांजलपूरची_मीनल
नडियादला रविवारी जातेय मी, काही न्यायचं असेल तर सांग.

कोठीवाला
काका, माझा भाऊ साक्षीदार चालेल? त्याला सगळं माहीत आहे.

वाडीचे_वकीलकाका
चालेल. दोन साक्षीदार लागतात, दुसरा डॉक्टर असला तर उत्तम. जोडीदाराला साक्षीदार करू नकोस, उगाच शंकेला जागा. शनिवारी सकाळी या दोघं. फी नको.