बहुमताचे चुकीचे उत्तर माणूस का उचलतो?

प्रश्न :
मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. सॉलोमन अ‍ॅश यांचा १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेला रेषांचा प्रयोग (दिलेल्या रेषेएवढी रेषा तीनपैकी कोणती हे गटात मोठ्याने सांगायचे; एक विद्यार्थी सोडून बाकीचे संशोधकाच्या सांगण्यावरून काही फेऱ्यांत मुद्दाम चुकीचे उत्तर देत) शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात की, ज्यांनी इतरांचे ऐकून चुकीची रेषा सांगितली त्यांना ती खरोखरच तशी दिसली, की बरोबर दिसत असूनही ते बोलले नाहीत? ‘सामाजिक दबाव’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही, आणि माझेही होत नाही.

प्रतिसाद १ :
अ‍ॅश यांनी प्रयोगानंतर सहभागी विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून हेच जाणून घेतले होते. रेषा खरोखर तशीच दिसली असे सांगणारे फार थोडे निघाले. ‘इतके जण एकच सांगत आहेत, त्या अर्थी माझेच पाहण्यात काही चुकत असावे’ असे मानून बहुतेकांनी उत्तर बदलले होते. काहींना मात्र स्वतःच्या उत्तराची खात्री होती, पण चारचौघांत वेगळे पडायचे नव्हते. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहू दिल्यावर चुका बऱ्याच कमी झाल्या, यावरून या संकोचाचे बळ लक्षात येते.

प्रतिसाद २ :
वरील विवेचनात मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांचा १९३५ चा प्रयोग जोडावा असे वाटते. अंधाऱ्या खोलीतला स्थिर प्रकाशबिंदू हलल्याचा भास होतो. तो किती हलला याचे अंदाज गटात बसल्यावर हळूहळू एकमेकांजवळ आले, आणि नंतर एकेकट्याला विचारले तरी बऱ्याच अंशी तसेच राहिले. तेथे पडताळून पाहण्यासारखे काहीच नसल्यामुळे इतरांचे मत हीच माहिती ठरली. म्हणून प्रश्न किती संदिग्ध आहे हे पाहिल्याशिवाय कारण सांगता येणार नाही.

प्रतिसाद ३ :
अ‍ॅश यांच्या प्रयोगाचे वर्णन नेहमी एकांगी केले जाते, याचे मला वाईट वाटते. इतरांनी मुद्दाम चुकीचे उत्तर दिलेल्या फेऱ्यांतही सुमारे दोन तृतीयांश उत्तरे बरोबरच होती आणि जवळजवळ एक चतुर्थांश विद्यार्थी एकदाही ढळले नाहीत. शिवाय गटातील एकानेही खरे उत्तर दिले की बहुमताचा प्रभाव झपाट्याने ओसरत असे. आपण वर्गात हात वर करायला सांगण्यापूर्वी प्रत्येकाकडून उत्तर लिहून घ्यावे आणि मग दोन्ही निकाल फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर त्यांना स्वतःच विचार करता येईल.