मदत हवी आहे: नवीन फ्लॅटमध्ये स्टिरिओचा बेसच गायब झालाय

पखवाजवेडा: इंदिरानगरला फ्लॅटमध्ये येऊन दीड महिना झाला. बाबांचा जुना स्टिरिओ पंचवटीतल्या घरात असा वाजायचा की पखवाजाची थाप छातीत बसायची, आणि इथे तोच सेट नुसता पत्र्यासारखा वाजतोय. बेसचा नॉब शेवटपर्यंत फिरवून झाला, काही नाही. दुकानात दाखवला तर म्हणे सेट ओके आहे. लवकर सांगा काय करू, रविवारी बाबा येतायत आणि त्यांना हा असला आवाज ऐकवायचा नाहीये मला.

सातपूरकर: अँप (अँप्लिफायर) कुठला, स्पीकर कुठले, खोली केवढी?

दणका: सरळ १० इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर घे, म्हणजे स्वतःचा अँप असलेला नुसत्या बेसचा स्पीकर, आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेव, त्याखालचं सगळं तो वाजवेल. माझ्याकडे चार वर्षं आहे, काचा थरथरतात.

पखवाजवेडा: सब नकोय. हाच सेट तिकडे वाजत होता ना. स्पीकर थ्री-वे, म्हणजे खालच्या, मधल्या, वरच्या सुरांना वेगळे पडदे, आणि खालच्यांसाठी ८ इंची वूफर.

तांब्याची_तार: वायर बदल. ऑक्सिजन फ्री कॉपरची जाड केबल टाकल्यावर माझ्याकडे बेस एकदम मोकळा झाला, लोक वायरकडे बघतच नाहीत.

सातपूरकर: अहो ५ मीटर अंतराला साधी १.५ स्क्वेअर एमएमची घरगुती वायर घेतली तरी जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आसपास येतो, ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो काय आहे? उगाच त्यांना खर्चात पाडू नका.

तांब्याची_तार: मी कानाने ऐकलंय, तुम्ही गणित करत बसा.

गंगापूर_रोड: मोबाइलवरून ब्लूटूथ लावत असाल तर पेअर केलेलं आधी डिलीट करून परत जोडा, माझा आवाज तुटायचा तो बंद झाला.

पखवाजवेडा: ब्लूटूथ नाहीये यात, सीडी लावतो.

लाकडी_खोका: वूफरच्या कडेचा फोम बघितला का? १५-२० वर्षांत त्याचा चुरा होतो. आणि रात्री हळू आवाजात ऐकत असाल तर बेस तसाही कमीच वाटणार. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मांडलंय की आवाज लहान केला की कानाला खालच्या पट्टीतलं आधी ऐकू येईनासं होतं. जुन्या अँपवर लाउडनेसचं बटण त्यासाठीच असतं.

पखवाजवेडा: रबर आहे, फाटलेलं नाही. आवाज मोठा केला तरी तेच.

सातपूरकर: बरं, वायर कोणी ओढली? आणि गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध येतो की सगळीकडे पसरल्यासारखा वाटतो?

पखवाजवेडा: इलेक्ट्रिशियनने, भिंतीतून कन्सील्ड, सगळ्या वायरी लाल. आणि हो, आवाज कुठून येतो तेच कळत नाही, मला वाटलं खोली रिकामी आहे म्हणून.

सातपूरकर: हे आधी सांगायचं होतं राव! एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेत. एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना खातात. अँप बंद करा, एकाच स्पीकरच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल करा, दोन्हींच्या नाही, आणि तीच सीडी लावा. खात्री करायची तर अँपकडून वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या लाल टर्मिनलला जात असेल तर वूफर बाहेर यायला हवा.

दणका: तरी सब लागणारच.

वाकडी_बारव: विषय बेसचा आहे म्हणून सांगतो, मिरवणुकीत नाशिक ढोल समोरून गेला की जे पोटात होतं ते कुठल्याही खोक्यातून येत नाही. आता ढोलाला प्लास्टिकची पानं आलीत, चामड्याचा तो घुमारा नाही राहिला.

लाकडी_खोका: प्लास्टिकचं पान पावसात उतरत नाही, गणपतीत पथकांनी करायचं काय? यासाठी वेगळा धागा काढा.

पखवाजवेडा: उलटी होती!!! बदलली आणि गवई एकदम समोर येऊन बसला. सातपूरकर, मनापासून आभार. पण अजून तेवढं नाही. सोफ्यावर पातळ वाटतं आणि पाणी प्यायला मागे डायनिंगपाशी गेलो की तिथे भरपूर घुमतं. असं का?

सातपूरकर: खोली केवढी? दुसऱ्यांदा विचारतोय.

पखवाजवेडा: १४ बाय ११ फूट. स्पीकर ११ वाल्या भिंतीला, सोफा साधारण मधोमध, मागे डायनिंग टेबल.

सातपूरकर: मग तेच. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, तुमची लांबी ४.२७ मीटर. त्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासची लाट उभी राहते, भिंतींपाशी तिचा जोर सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ काहीच नाही. तुम्ही नेमके तिथे बसताय. नॉब फिरवून ती जागा भरत नाही. सोफा मागे न्या, फक्त भिंतीला चिकटवू नका, नाहीतर सगळंच घों-घों करेल.

तांब्याची_तार: अंड्याचे ट्रे भिंतीला लावा.

लाकडी_खोका: त्याने बेसला काही होत नाही, जाड रॉकवूल (दगडाची लोकर) लागतं.

पखवाजवेडा: टेबल आणि सोफ्याची अदलाबदल केली, आता मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर बसतो. पखवाजाचा धुमा परत आलाय, खुर्चीच्या हाताला कळतो. जेवायला स्पीकरसमोर बसावं लागतंय, चालेल.

नाशिकरोडचा_मी: माझ्या वूफरचा फोम गेलाय, ६.५ इंची. नाशिकमध्ये कोणी बदलून देतं का? अर्जंट आहे.

लाकडी_खोका: स्पीकर कुठले?