आजोबांच्या मिलिटरी पोलिसातील नोकरीची माहिती कशी मिळवावी?

सातारा तालुक्यातल्या आमच्या गावातून 1960च्या दशकात भरती झालेले माझे आजोबा 1971च्या युद्धात सैनिकी पोलिस दलात होते. त्यांची लाल टोपी आणि ‘पूर्वी स्टार’ हे पूर्व आघाडीवरील सेवेचे पदक घरात आहे, परंतु डिस्चार्ज बुकाची निम्मी पाने वाळवीने खाल्ली असून त्यांची तुकडी कोणती, हे त्यातून कळत नाही. लढाईबद्दल ते फारसे बोलत नसत. पुलाच्या तोंडाशी रात्रभर उभे राहून, दिवे न लावता चाललेल्या गाड्यांचे ताफे योग्य रस्त्याला लावणे आणि 16 डिसेंबरच्या ढाक्यातील शरणागतीनंतर युद्धकैद्यांच्या तुकड्या मागे नेणे, एवढेच ते सांगत. (गावात मात्र ‘रस्त्यावरचा हवालदार’ म्हणून त्यांची थट्टा होई, जी मला आजही खटकते.)

या दलाचे केंद्र बंगळुरूला आहे. केवळ सैनिक क्रमांकाच्या आधारे वारसदाराला तिथल्या अभिलेख कार्यालयाकडून सेवेचा तपशील मिळतो का, आणि अर्ज थेट करावा की साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. पूर्व आघाडीवर प्रोव्होस्ट (म्हणजे सैनिकी पोलिसांच्या) तुकडीत काम केलेले कोणी परिचयात असल्यास तेही कळवावे.