प्रतिसाद: रेषेबाहेरचा खेळाडू आणि पंचांची शिट्टी

आपण विचारले आहे की, बास्केटबॉलच्या सामन्यात सीमारेषेपलीकडे हवेत असलेल्या खेळाडूने चेंडू आत फेकला तर पंचांनी शिट्टी का वाजवली नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाच सेंटिमीटर रुंदीची सीमारेषा स्वतःच मैदानाबाहेरची मानली जाते. परंतु उडी मारलेल्या खेळाडूचे स्थान त्याचा पाय शेवटी जिथे जमिनीला टेकला होता तेच धरले जात असल्याने, आतून उडालेल्या खेळाडूने बाहेर टेकण्यापूर्वी चेंडू सोडला, तर खेळ चालूच राहतो. म्हणून पंच आधी पाय पाहतात आणि मग चेंडू. आमच्या रत्नागिरीकडील उघड्या मैदानांवर मात्र पावसाळ्यानंतर रेषाच धड दिसत नाही (रंग टिकतो कुठे!), त्यामुळे सामन्यापूर्वी ती नव्याने आखून घेणे हेही पंचांनी आग्रहाने पाहावे.