मदत हवी आहे: पाच दिवसांत ताडोबा, नागझिरा, मेळघाट आणि लोणार, ताडोब्याचे आरक्षण होत नाही

पायवाट
नमस्कार. आम्ही पाच दिवसांत विदर्भातील ताडोबा, नागझिरा, मेळघाट आणि लोणार पाहायचे ठरवले आहे. रेल्वेची तिकिटे काढून झाली आहेत आणि रजाही मंजूर झाली आहे. मात्र ताडोब्याच्या सफारीचे आरक्षण काही केल्या होत नाही. संकेतस्थळावर मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशी सर्व प्रवेशद्वारे तपासली, दोन निरनिराळ्या संगणकांवरून प्रयत्न केला, तरी आम्हाला हव्या असलेल्या तारखा निवडताच येत नाहीत. आरक्षणाचा दुसरा काही मार्ग आहे का, आणि कोणते प्रवेशद्वार घ्यावे? राहण्याची जागा आजच ठरवायची असल्याने कृपया लवकर सांगावे.

सागवान
प्रवेशद्वाराचा विचार करायचा तर मोहर्लीच घ्यावे. चंद्रपूरहून ते साधारण तीस किलोमीटरवर आहे, राहण्याच्या सोयी भरपूर आहेत आणि तेथून आत गेल्यावर ताडोबा तलावाकडे जाणारा रस्ता फार सुंदर आहे. १९५५ मध्ये जाहीर झालेले हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. मी आजवर तेथील प्रत्येक सफारी मोहर्लीतूनच केली आहे आणि एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

मोहफूल
सागवान यांच्याशी मी सहमत नाही. नागपूरहून येणाऱ्यांना चिमूरमार्गे कोलारा जवळ पडते, आणि मोहर्लीसाठी आधी चंद्रपूर गाठण्यात निष्कारण वेळ जातो. शिवाय गाभा क्षेत्राचाच, म्हणजे जंगलाच्या कडक संरक्षित आतील भागाचाच, हट्ट कशासाठी? बफरमधील, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, आगरझरी, देवाडा, जुनोना येथेही वाघ आहेत, आणि तेथे आरक्षण तुलनेने सहज मिळते.

सागवान
बफरमध्ये वाघ आहेत हे मान्य आहे, पण ताडोबा तलाव नाही, मोहर्लीच्या बाजूचे ते जुने, उंच जंगल नाही. पहिल्यांदाच येणाऱ्याला ताडोबा दाखवायचा तर गाभाच दाखवला पाहिजे.

नकाशा
प्रवेशद्वारावर वाद करण्याआधी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. आपण कोणत्या तारखांना येणार, कोठून येणार, किती जण आहात, सोबत लहान मुले किंवा वयस्कर मंडळी आहेत का, आणि वाहन कोणते? यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. शिवाय ही चार ठिकाणे नकाशावर विदर्भाच्या निरनिराळ्या टोकांना आहेत. ताडोबा दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यात, नागझिरा पूर्वेला गोंदिया-भंडाऱ्याकडे, मेळघाट उत्तरेला अमरावती जिल्ह्यातील सातपुड्यात, तर लोणार पार पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यात. चंद्रपूर ते मेळघाटातील चिखलदरा हेच अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. पाच दिवसांत चारही ठिकाणे केली, तर जंगलापेक्षा गाडीची काचच जास्त पाहाल.

आणखी एक, आपण ‘नवेगाव’ लिहिले आहे म्हणून सांगतो. ताडोब्याचे नवेगाव प्रवेशद्वार वेगळे आणि गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव राष्ट्रीय उद्यान वेगळे. नावाच्या सारखेपणामुळे राहण्याची जागा एका नवेगावला आणि सफारी दुसऱ्या नवेगावला घेतलेली मंडळी मी पाहिली आहेत.

रातवा
आपण पेंच व्याघ्र प्रकल्पाचा विचार का केला नाही? नागपूर-जबलपूर महामार्गावर ते अगदी सोयीचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच हे देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून जाहीर झाले. तेथे शहरी उजेडाचा त्रास नसल्याने निरभ्र रात्री आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आकाशदर्शनासाठी अमावास्येच्या जवळच्या रात्री निवडाव्यात, आणि दुर्बीण नेणार असाल तर तिपाई विसरू नये.

पायवाट
सर्वांचे आभार, पण माझा प्रश्न पेंचबद्दल किंवा दुर्बिणीबद्दल नव्हता. आम्ही सहा जण आहोत, पुण्याहून रेल्वेने सकाळी नागपूरला उतरणार आणि तेथून चालकासह गाडी घेणार. उन्हाचा त्रास नको म्हणून मुद्दाम मे महिना टाळला आहे. संकेतस्थळातील दोषाबद्दल कोणाकडे तक्रार करावी, हे कोणी सांगेल का?

नकाशा
मे टाळला हे समजले, परंतु नेमकी तारीख कोणती?

पायवाट
२ जुलैला सकाळी नागपूर, ६ जुलैला रात्री परतीची गाडी.

माळढोक
मग संकेतस्थळात दोष नाही. ताडोब्याचे गाभा क्षेत्र दरवर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनासाठी बंद असते आणि १ ऑक्टोबरला पुन्हा उघडते. नागझिरा आणि मेळघाटातील गाभ्याच्या सफारीही पावसाळ्यात बंद राहतात. जंगलातील कच्चे रस्ते चिखलाने भरतात, वाहने रुततात, आणि त्या काळात वन्यजीवांना माणसांची वर्दळ नसलेले काही महिने मिळतात. त्यामुळे तक्रार करण्यात वेळ घालवू नये, आणि ‘आतून परवाना मिळवून देतो’ असे कोणी सांगितले तर त्याला एक रुपयाही देऊ नये. परवान्यावर प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो, प्रवेशद्वारावर मूळ ओळखपत्र तपासले जाते, आणि बंद काळात असा परवाना निघतच नाही.

पायवाट
हे मला खरोखरच माहीत नव्हते. फार वाईट वाटले, कारण घरातील दोन्ही मुले महिनाभर वाघाचेच चित्र काढत आहेत. तिकिटे आता बदलता येणार नाहीत. मग काय करावे?

मोहफूल
म्हणूनच मी बफर सुचवत होतो. बफरमधील काही प्रवेशद्वारे रस्त्यांच्या स्थितीनुसार पावसाळ्यातही चालू ठेवली जातात. मुलांचा हिरमोड करू नका, आगरझरी किंवा देवाडा येथे चौकशी करा. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुमचे कुटुंब एकाच गाडीत मावेल.

सागवान
आणि आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला तर? रस्ता बंद झाला की तीन-साडेतीन तासांचा प्रवास करून आलेली मुले प्रवेशद्वारावरूनच परततील. शिवाय उन्हाळ्यात जनावरे मोजक्या पाणवठ्यांवर येतात म्हणून दिसतात. पावसात पाणी सगळीकडे असते, गवत वाढते, झाडोरा दाट होतो, आणि वाघ वीस फुटांवर असला तरी नजरेस पडत नाही. हे मुलांना आधीच सांगितलेले बरे.

मोहफूल
दिसण्याची शक्यता कमी होते हे खरे आहे, पण केवळ वाघासाठीच जंगलात जायचे असते का? ओले सागाचे जंगल, मोर, रानकुत्री, अस्वलाचे ठसे, हेही मुलांना दाखवता येते.

नकाशा
दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, पण निर्णय तारखांवरून घ्यावा. जुलैत विदर्भात निश्चित पाहण्यासारखे काय असेल तर चिखलदरा. ताडोबा आणि नागझिरा या सहलीतून पूर्णपणे काढून टाकावेत असे माझे मत आहे. चिखलदऱ्याची उंची अकराशे मीटरच्या आसपास, पावसात दऱ्या हिरव्यागार, ढग रस्त्यावर उतरलेले, आणि भीमकुंडापाशी धबधबा. गाविलगडचा किल्ला तेथेच आहे. मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. गाभ्यातील सफारी नसली तरी परतवाड्याहून घाट चढताना जंगलाचा अंदाज येतो. सहा जणांत वयस्कर कोणी आहे का, हे मात्र आपण अजूनही सांगितलेले नाही.

पायवाट
क्षमस्व, ते सांगायचे राहिले. माझे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. मुले नऊ आणि सहा वर्षांची आहेत. वडिलांची सर्वांत मोठी इच्छा लोणार पाहण्याची आहे. ते भूगोलाचे शिक्षक होते आणि वर्षानुवर्षे फळ्यावर काढलेले ते विवर त्यांनी प्रत्यक्षात कधीच पाहिलेले नाही.

माळढोक
मग लोणार कोणत्याही परिस्थितीत वगळू नका. माझ्या मते सहलीची आखणी लोणारपासूनच करावी. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि आतील पाणी खारे व अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, आणि आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण खारटपणात वाढणारे रंगीत सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

वडिलांनी तळाशी उतरण्याचा आग्रह धरू नये. पावसात वाट निसरडी असते, आणि उतरण्यापेक्षा परत चढणे गुडघ्यांना जास्त जड जाते. परंतु काठावरून विवराचे संपूर्ण वर्तुळ दिसते, जे तळातून दिसतच नाही, आणि भूगोलाच्या शिक्षकाला तेच पाहायचे असेल. काठावर बारमाही वाहणारी गोमुखाची धार आहे, आणि दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर गावातच असल्याने त्यासाठी उतरावे लागत नाही. मुलांना तळ पाहायचा असेल तर पाऊस उघडलेला असताना एका मोठ्या माणसाने सोबत जावे.

नकाशा
वडिलांची इच्छा कळल्यावर आखणी सोपी झाली. २ जुलैला नागपूरहून अमरावती-परतवाडामार्गे चिखलदरा, तेथे दोन रात्री. ४ तारखेला अकोला-मेहकरमार्गे लोणार, पाच-सहा तास धरा. ५ तारखेची सकाळ केवळ काठासाठी राखून ठेवा, कारण सकाळी ढग असतील तर दुपारपर्यंत थांबता आले पाहिजे. त्या संध्याकाळी किंवा ६ तारखेला मेहकरजवळून समृद्धी महामार्गाने नागपूर. रातवा यांचे आकाशदर्शन जुलैच्या ढगांत शक्य होणार नाही, ते हिवाळ्यासाठी ठेवा.

रातवा
मान्य आहे. तारीख वाचण्याआधीच मी लिहिले होते.

पायवाट
वडिलांना ही आखणी आत्ताच वाचून दाखवली आणि त्यांना ती फार आवडली. ताडोब्यासाठी फेब्रुवारीत पुन्हा येऊ, मुलांनाही तसेच सांगितले आहे. शेवटचा एकच प्रश्न: चिखलदऱ्याच्या घाटात धुके असते असे वाचले, तर संध्याकाळी उशिरा चढले तर चालेल का?

नकाशा
नाही. नागपूरहून सकाळी दहाच्या आत निघा, जेवण अमरावतीत उरका आणि दुपारी चारपर्यंत परतवाडा सोडा, म्हणजे संपूर्ण घाट उजेडात पार होईल. गाडी ठरवतानाच चालकाला घाटात गाडी चालवण्याची सवय आहे का, हे विचारून घ्या.

सागवान
फेब्रुवारीच्या तारखांचे आरक्षण संकेतस्थळावर सुरू होताच करा, सर्वांचे ओळखपत्र क्रमांक जवळ ठेवा, आणि मंगळवारी गाभा बंद असतो हे लक्षात असू द्या. प्रवेशद्वार मोहर्लीच घ्यावे.

मोहफूल
कोलारा.