इलेक्ट्रिकल डिप्लोमानंतर मुलीला रेल्वे इंजिनावर जायचंय, कुणाला अनुभव?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आम्ही कराडचे. लेकीचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा यंदा झाला. पुण्यात कंपनीत अप्रेंटिस म्हणून घेत होते, तर ही म्हणते असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या मदतनिसाची, परीक्षा देणार. कारण सुरेखा यादव, रेल्वे इंजिन चालवणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई. बाई मूळच्या साताऱ्याच्या, डिप्लोमा इथंच कराडला सरकारी पॉलिटेक्निकात, तोही इलेक्ट्रिकलचा. १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून वंदे भारत मुंबईला नेली, तेव्हाचा फोटो हिच्या मोबाइलवर कायम असतो. हिचे बाबा म्हणतात, "ते एखादीचं नशीब. रात्री दोनला मालगाडी रानात थांबली तर काय करशील?" मला दोघांचंही पटतं, तिथंच घोळ आहे. भाषण नको, रोजचं काम कसं असतं ते सांगा.

डबल_पिवळा:
ताई, मी सहा वर्षं असिस्टंट होते, आता तीन वर्षं मालगाडी चालवते. लेकीला म्हणावं, फोटो ठेव, पण मधली सालंही पाठ कर. बाई १९८९ ला असिस्टंट म्हणून लागल्या, १९९६ ला मालगाडी हातात आली, डेक्कन क्वीन ८ मार्च २०११ ला. बावीस वर्षं झाली ना?

रोजचं म्हणाल तर फोन कधी येईल त्याचा नेम नाही. लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लागते त्या खोलीत, जाऊन फुंकर मारायची (दारू प्यायलाय का ते बघतात), सही करायची, कुठं वेग कमी ठेवायचा तो कागद वाचायचा. इंजिनात असिस्टंट नुसती शेजारी बसत नाही. सिग्नल दिसला की दोघांनी हात करून मोठ्यानं रंग बोलायचा, प्रत्येक वेळी. पहिल्या वर्षी मी झोपेतही "डबल पिवळा" म्हणायचे, सासूबाई घाबरायच्या. आणि यजमानांची शंका खरी आहे. ब्रेकचा पाइप सुटून गाडी रानात उभी राहिली, तर टॉर्च घेऊन पन्नास-साठ वाघिणींच्या (मालडब्यांच्या) कडेनं खडीवरून चालत जायचं ते असिस्टंटनंच. माझा पाय पहिल्याच पावसाळ्यात मुरगळला.

सत्काराच्या कार्यक्रमात कुणी बोलत नाही ते सांगते. बहुतेक इंजिनांत शौचालय नसतं. नव्यांत बसवायला लागलेत, पण आपल्या वाट्याला कुठलं इंजिन येईल ते आपल्या हातात नाही. आम्ही पाणी मोजून पितो.

तरी सोडलं नाही. मागं पाच हजार टन कोळसा, चढाला वेग मरत चाललाय, वाळू सोडत सोडत चाक न घसरू देता गाडी वर काढली, की दहा मिनिटं कुणाशी बोलावंसं वाटत नाही. इतकं बरं वाटतं.

आधी डोळे तपासा. मेडिकल ए-वन दर्जाचं असतं. बिनचष्म्याची ६/६ नजर लागते, रंग अचूक ओळखावे लागतात, लेझरनं नंबर घालवलेलाही चालत नाही. दोन्ही लेखी आणि अ‍ॅप्टिट्यूड पार करून इथं बाद झालेल्या मुली पाहिल्यात.

फक्त_विचारतो:
सगळं ठीक, पण अशा ड्यूटीत लग्न, संसार?

डबल_पिवळा:
सुरेखाताईंचे यजमान पोलिसात होते. दोघांच्याही वेळेचा भरवसा नसायचा, तरी दोन मुलगे वाढवले. हा प्रश्न माझ्याबरोबरच्या पुरुष लोको पायलटला आजवर कुणी विचारलेला मी तरी ऐकला नाही.

कर्जतचा_बँकर:
मी निवृत्त ड्रायव्हर. बोर घाटात ३७ ला १ चढ, म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर. वर जाताना कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, ते एक वेळ सोपं. जीव खालीवर होतो तो उतरताना. ब्रेकनं दगा दिला तर गाडी वळवून थांबवायला घाटात कॅच सायडिंग, म्हणजे बाजूचा वेगळा रूळ, ठेवलीय, यावरून समजा. २०११ ला बाईंनी डेक्कन क्वीन पुण्याहून आणली ती हाच घाट उतरून. "महिला दिनापुरतं आहे," असं आमच्यातले काही जण म्हणाले. मीही म्हणालो. बाई घाटाचं वेगळं ट्रेनिंग घेऊन आल्या होत्या हे माहीत असून म्हणालो. पुढं त्या सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत गाडीवर होत्या.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. पाण्याचं आणि शौचालयाचं लेकीला वाचून दाखवलं, गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा ट्रकवर होते तेव्हा तू त्यांना असलं काही विचारलंस का?"

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. नजर ६/६. ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्यातले आकडे हिनं धडाधड वाचले. शेजारी बसून हिचे बाबाही वाचत होते, ते तिसऱ्याच पानावर अडले. तिथं आकडाच नाही म्हणे. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला लाल-हिरव्यात गडबड आहे. इतकी वर्षं चौकातल्या सिग्नलला मी कुणाच्या भरवशावर मागं बसत होते, असं विचारलं, तर कालपासून बोलत नाहीत.